तू नक्की कोण?



परळहून दक्षिणेकडे निघालो की सात रस्ता आणि आग्रीपाडा लागतो. तिथे यहुदी बांधवांची प्रार्थनामंदिरे आहेत. तिथे जमणारे बेने इस्राएल लोक आपल्यासारखेच मराठी बोलतात. आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर. पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळीत. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. इथे थोडे उरले.

अशा घरातला मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचा 'बार मित्स्वा' होतो. म्हणजे 'आज्ञेचा पुत्र'. तो सभेपुढे हिब्रू धर्मशास्त्र वाचतो. त्या दिवसापासून आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. पण शाळेत मित्र विचारतात, "तू मराठी की यहुदी?" घरी वडीलधारे म्हणतात, "आता आपण थोडेच उरलो, तूच सांभाळ." त्या कोवळ्या वयात त्याने काय उत्तर द्यावे?

आपली ओळख ठरवतो कोण? रक्त, समाज, की मी स्वतः? रक्ताचा पुरावा मागणे किती अन्यायाचे होते ते याच समाजाने सोसले. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ साली संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. त्यांच्या पूर्वजांजवळ ग्रंथ नव्हते, दाखले नव्हते. होता तो शनिवारी बंद राहिलेला घाणा. याहून मोठा दाखला कोणता?

मग सगळे माझ्याच निवडीवर आहे का? तसेही नाही. मातृभाषा कोणी निवडत नाही, ती मिळते. पण त्या भाषेत दिलेला शब्द माझा असतो आणि तो पाळायचा की मोडायचा हे मीच ठरवतो. श्रद्धेचेही तसेच आहे. वारसा हाती द्यावा, खांद्यावर लादू नये. 'आपण कमी झालो' ही वडीलधाऱ्यांची वेदना खरी आहे, पण ती मुलाच्या श्रद्धेचे कारण होऊ शकत नाही. संख्या टिकवण्यासाठी केलेली प्रार्थना देवाशी बोलणे नव्हे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ साली रोमच्या यहुदी प्रार्थनामंदिरात जाऊन यहुदी लोकांना थोरले बंधू म्हटले. प्रभू येशूही यहुदी घरातच वाढला. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. त्याला तिथून कोणी उठवले नाही. पुढे तो आईवडिलांबरोबर नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न आणि आज्ञापालन एकाच मुलात नांदले.

दादर-लालबागच्या चाळीत आपलीही मुले वर्गात एकटीच ख्रिस्ती असतात. दृढीकरण संस्काराच्या तयारीत ती अवघड प्रश्न विचारतील. पालकहो, तेव्हा रागावू नका, शेजारी बसा. आणि मुलांनो, एखाद्या यहुदी वर्गमित्राला "तू नक्की कोण?" असे विचारण्याऐवजी "तू काय पाळतोस?" असे विचारा. मग तोच प्रश्न स्वतःलाही विचारा.