परकायाप्रवेश

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या मागांच्या खडखडाटात टॉवेलची किनार बोटांनी चाचपणारी बाई दिसली, की मला स्मिता पाटील आठवते. ‘भूमिका’त (1977) हंसा वाडकरांच्या आत्मकथनातून आलेली उषा आणि ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा, या दोहोंबद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आद्य शंकराचार्य परकायाप्रवेश करून अमरुक राजाच्या देहात शिरले, तेव्हा त्यांचा मूळ देह शिष्यांच्या हवाली होता, अशी आख्यायिका आहे; नटीचा देह मात्र तोच, त्याच उन्हात उभा, आणि म्हणूनच भोग कोणाचा व साक्षी कोण, हा वेदान्त्यांचा सवाल तिच्यापुढे अधिक बिकट होतो. (निव्वळ साक्षीवर, खरे सांगायचे तर, माझा फारसा विश्वास नाही.) 13 डिसेंबर 1986 रोजी, वयाच्या 31व्या वर्षी, ती निवर्तली, ‘मिर्च मसाला’ त्यानंतर पडद्यावर आला, आणि त्यातली सोनबाई हाती विळा घेऊन सुभेदारासमोर अजून उभीच आहे.