तीन उन्हाळे

शास्त्रपाठ : लूक १३ : ६ ते ९



ह्या दाखल्यातील धनी तीन वर्षे फळ पाहावयास आला व निराश होऊन अंजिराचे झाड तोडावयास सांगू लागला. माळ्याने मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागितली, आणि त्या वर्षात मुळांभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम आपल्या अंगावर घेतले. दयेची विनंती करणाऱ्याने कुदळही हाती धरली, हे लक्षात ठेवा.

१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. पुढे २०१७ साली ४ कोटींचा, २०१८ साली १३ कोटींचा व २०१९ साली ३३ कोटींचा संकल्प झाला. संकल्प थोर होते. परंतु लोकांनी पुढे एकच प्रश्न विचारला : जगली किती? आषाढात रोप लावणारे हात पुष्कळ असतात. वैशाखात त्यास पाणी घालणारे थोडे.

आपल्या तिवसा तालुक्यातील काळी जमीन तुम्ही जाणता. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते व कोवळे मूळ कुजते. उन्हाळ्यात ती भेगाळते व तेच मूळ उघडे पडून सुकते. भाद्रपदात तण रोपास झाकून टाकते आणि पीक निघाल्यावर मोकळी सुटलेली शेळी शेंडा खाते. कित्येक रोपांचे मूळ तर पिशवीतच वेटोळे घालून बसलेले असते. ते मोकळे न करता लावले, तर झाड पुढे आपल्याच मुळाने आवळले जाते. म्हणून शहाणा मनुष्य वेटोळे सोडवून रोप लावतो, निंदण करतो, आळ्यात पालापाचोळा पसरतो, काटेरी कुंपण घालतो, आणि जे मेले त्याच्या जागी पुढील पावसात नांगे भरतो. असे दोन-तीन उन्हाळे निभावले, म्हणजे निंब, करंज, चिंच ही आपल्या मातीची झाडे बहुधा स्वतःच्या बळावर उभी राहतात.

टेंभुर्णीकडे पाहा, जिची पाने विडीसाठी तोडतात. तिचे रोप पहिली काही वर्षे वर फारसे वाढत नाही. कधी शेंडा वाळूनही जातो. पण सोटमूळ खाली खोल जात असते, आणि पाऊस पडताच ते पुन्हा फुटते. वाळला शेंडा पाहून उपटण्याची घाई करणारा जिवंत झाड गमावतो.

प्रचारक बंधूंनो, बाप्तिस्म्याची वही ही लावणीची वही आहे. तिच्यातील नावांपैकी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उपासनेस किती बसतात, हेही मोजा. नव्या कुटुंबावर भाऊबंदांचा राग, कर्ज, आजार, जुन्या व्यसनाची ओढ ही उन्हे येतात, तेव्हा त्यांच्या दारी कोण जातो? जो दोन रविवार दिसला नाही, त्याचे नाव खोडण्यापूर्वी त्याच्या घरचा उंबरा ओलांडा. कदाचित शेंडाच वाळला असेल.

वाढ देणारा देव आहे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. परंतु त्याच ठिकाणी लावणाऱ्याचे व पाणी घालणाऱ्याचे श्रमही त्याने सांगितले आहेत. तेव्हा ह्या पावसाळ्यात प्रत्येक घराने आपल्या भूमीचे एक रोप लावावे, व मंडळीतील एक नवे कुटुंब आपले मानावे. तीन उन्हाळे दोघांनाही अंतर देऊ नये. त्यानंतर धनी येईल, तेव्हा त्याला सावली व फळ दोन्ही दाखविता येवोत.