एका टेबलावर पुरावा, दुसऱ्या टेबलावर दोष

जमातीचा दाखला तपासणारी समिती केवळ आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी पाहून थांबत नाही. दैवत कोणते, लग्न कसे लागते, मयताचे विधी काय, चालीरीती कोणत्या, हेही ती विचारते. या चौकशीला आप्तभाव चाचणी म्हणतात. 1994 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घालून दिली. पुढे 2023 मध्ये, ही चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे, असेही त्याच न्यायालयाने बजावले. तरी चालीरीती हा जमातीचा एक पुरावा, एवढे तत्त्व शिल्लक आहे. गोंदण ही गोंड आणि माडियांची अशीच जुनी चाल. मात्र समितीसमोर पुरावा म्हणून चालण्याजोगी ही खूण घेऊन गडचिरोलीची एखादी मुलगी केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या वैद्यकीय तपासणीला उभी राहिली, तर तीच खूण तिच्या अपात्रतेचे कारण ठरू शकते. एका टेबलामागे राज्य सरकार आहे, दुसऱ्यामागे केंद्र, पण दोन्हीकडे सरकारच आहे. हा विसंवाद किरकोळ नाही आणि तो दुरुस्त करणे अवघडही नाही, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी नियम पाहू. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या भरतीसाठी मे 2015 च्या वैद्यकीय सूचनांत टॅटूचे तीन निकष दिले आहेत: आशय, जागा आणि आकार. देश धर्मनिरपेक्ष असल्याने धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव चालेल. जागा ‘पारंपरिक’ हवी, म्हणजे कोपराखालच्या हाताची आतली बाजू, तीही फक्त डाव्या हाताची, कारण सलाम उजव्या हाताने करायचा. किंवा पंजाची मागची बाजू. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. यातला ‘पारंपरिक’ हा शब्द नीट वाचण्यासारखा आहे. परंपरा कोणाची? मनगटाच्या वर नाव किंवा ओम गोंदवून घेणाऱ्या मैदानी मुलखातल्या पुरुषाची. भामरागड-एटापल्लीकडच्या म्हाताऱ्या माडिया बायांचे गोंदण कपाळावर आणि गालांवर दिसते. गोंड बायांच्या पायांवर ते असते. आजचा गडचिरोली ज्यात होता तो चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता त्या काळी, 1916 मध्ये, रसेल आणि हिरालाल यांनी प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. गोंदणाची चाल त्यातही नोंदलेली आहे. म्हणजे सरकारदप्तरी ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. फक्त नियम लिहिणाऱ्याच्या नजरेत ती ‘पारंपरिक’मध्ये बसत नाही. भूदल आणि हवाई दलाच्या नियमांत आदिवासींच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला सवलत आहे, पण ती प्रत्येक प्रकरण पाहून. निमलष्करी दलांच्या त्या तीन निकषांत तेवढीही नाही. सवलत असली तरी ती मागायची, पटवायची आणि नाकारली तर नागपूर किंवा दिल्लीच्या कोर्टात जायचे, हे ओझे बारावी झालेल्या मुलीच्या डोक्यावरच राहते.

सर्वांना सारखा नियम असताना अन्याय कसला, असा पहिला आक्षेप येईल. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच मार्च 2021 मध्ये, सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीच्या प्रकरणात दिले आहे: नियम कागदावर सारखा असला, तरी त्याचा भार एकाच गटावर पडत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. टॅटूचा नियम माणसाने खूण स्वतः निवडली, असे गृहीत धरतो. पुण्याच्या स्टुडिओत विशीतला मुलगा दंडावर वाघ काढून घेतो, तेव्हा ते खरेच असते. गोंदण मात्र लहानपणी थोरांच्या सांगण्यावरून, सुईने आणि काजळीने अंगात उतरवले जाते. जे निवडलेच नाही, त्याची शिक्षा निवडीच्या हिशेबाने देता येत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. गणवेशात एकसारखेपणा हवा, हे मान्य. पण शिखांची पगडी आणि दाढी भारतीय सैन्याने केव्हाच सामावून घेतली आणि त्याने शिस्त ढिली झाली नाही. टोळीचे चिन्ह, द्वेषाचा किंवा अश्लील मजकूर जरूर नाकारावा. तिथे आशय पाहावा. कपाळावरच्या ठिपक्यांनी बंदूक चालवायला अडचण येत नाही. तिसरा आक्षेप खासगी मालकांचा: गिऱ्हाइकाला आवडत नाही. यात तथ्य अजिबात नाही असे नाही. अँड्र्यू टिमिंग या संशोधकाच्या अभ्यासांत, गिऱ्हाइकांसमोर उभे राहण्याच्या कामांसाठी टॅटूवाले चेहरे कमी पसंत पडल्याचे दिसले. उलट मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दोन हजारांवर अमेरिकनांची माहिती तपासली, तेव्हा टॅटूमुळे नोकरी किंवा पगार कमी झाल्याचे आढळले नाही. म्हणजे पूर्वग्रह आहे, पण तो अटळ नाही. न्यूझीलंडमध्ये चेहऱ्यावरचे माओरी गोंदण, ‘मोको’, हीही अशीच अडचण होती. तिथल्या राष्ट्रीय विमान कंपनीने सप्टेंबर 2019 पासून दिसणाऱ्या टॅटूंवरची बंदी उठवली आणि 2020 मध्ये हनुवटीवर मोको असलेल्या नानाइया माहुता परराष्ट्रमंत्री झाल्या. शिवाय गडचिरोली जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 39 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. इथल्या दवाखान्याच्या खिडकीत किंवा बँकेच्या काउंटरवर गोंदलेला हात दिसला, तर बिचकणारे गिऱ्हाईक कोण?

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा: आजच्या मुलीच गोंदवून घेत नाहीत, मग कोणासाठी हा खटाटोप? हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि पोरीबाळींना दुखवून ही चाल टिकवा, असे कोणी म्हणूही नये. सोडण्याचा हक्क त्यांचा आहे. पण शाळा, शहर, बदललेली आवड यांमुळे चाल सुटणे वेगळे आणि नोकरी जाईल या धाकाने सुटणे वेगळे. नियम केवळ उमेदवाराला अडवत नाही. दहा वर्षे आधी तिच्या आईच्या मनात तो शिरतो. उमेदवार थोडे आहेत, म्हणून नियम निरुपद्रवी ठरत नाही. ते थोडे का उरले, याच्या कारणांत नियमही एक असू शकतो.

उपाय साधा आहे. भरतीच्या जाहिरातीतच स्पष्ट लिहावे: अनुसूचित जमातीच्या उमेदवाराचे रूढीनुसारचे गोंदण, शरीरावर कुठेही आणि कितीही असो, अपात्रतेचे कारण नाही, जमातीचे वैधता प्रमाणपत्र हाच त्याचा दाखला. भूदल आणि हवाई दलाच्या नियमांतले ‘प्रकरण पाहून’ हे शब्द काढावेत. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी काही पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली गेली, ती गावाची भाषा आणि रीत जाणणारा माणूस खुर्चीत हवा म्हणून. तो माणूस हवा असेल, तर त्याच्या अंगावरची रीतही चालवून घ्यावी लागेल. गडचिरोलीतली सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा पोलाद कारखाना या खासगी मालकांनीही गोंदणाबाबतचे ते वाक्य आपल्या नेमणुकीच्या नियमांत घालावे. त्याला खर्च शून्य आहे.