अळीचाही वाटा

फुलपाखरू सर्वांनाच प्रिय असते; परंतु त्याचे रक्षण म्हणजे नेमके कशाचे रक्षण, हा प्रश्न आम्ही स्वतःला क्वचितच विचारतो.

वऱ्हाडात त्याचे उत्तर हवामान आणि भूमीच देतात. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गाविलगडच्या डोंगरांतील साग निष्पर्ण होतो. ओलावा उरतो तो दऱ्यांतील ओढ्यांकाठी. पाऊस पडताच पालवी फुटते आणि अळ्यांना अन्न मिळते. मात्र बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतीच खातात: कोणी रुई, कोणी टाकळा, कोणी बहावा. मेळघाटात १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला, त्यामुळे तेथील झाडोऱ्याला संरक्षण लाभले. पण पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत उरले आहेत केवळ बांध आणि नाल्यांचे काठ. तेथील रुई-टाकळा आम्ही तण म्हणून उपटतो.

खरी कसोटी वरूड-मोर्शीच्या संत्राबागेत लागते. कोवळी पालवी खाणारी अळी बागाइतदाराला शत्रू वाटते. त्याचा संसार त्या झाडांवर चालतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. रोपावरील अळ्या त्याने अवश्य वेचाव्यात. परंतु मोठ्या झाडाला चार पाने जड नसतात. त्यांच्यासाठी सरसकट विष फवारणे आणि बांधही जाळणे, ही गरजेची मर्यादा ओलांडणे होय.

२०१५ साली महाराष्ट्राने ‘राणी पाकोळी’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. तिची अळीही लिंबूवर्गीय पानांवरच वाढते. पंखांचा गौरव करावा आणि अळीला पान नाकारावे, याला प्रेम कसे म्हणावे? परसाच्या कोपऱ्यात एक रुई, बांधावर एक बहावा आम्ही राहू द्यावा; आणि त्यांची पाने कुरतडलेली दिसली, तर ते नुकसान मानू नये.