नेम मोडला, तरी गुरुवारी या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रावण सरत आला. आषाढी एकादशीला आणि गुरुपौर्णिमेला आपल्यापैकी कितीतरी जणांनी पादुकांना हात लावून नेम धरले. कुणी तंबाखू सोडली, कुणी चहातली साखर, कुणी रात्रीचा भात. कुणी रोज फिरायला जायचं ठरवलं. नेमाच्या वहीत त्या दिवशी पानं पुरली नाहीत. आणि आता बघावं तर गुरुवारच्या आरतीला त्यातले बरेच चेहरे दिसत नाहीत. विचारलं की "पाऊस हाय," "पाहुणे आलेत," "गुडघा धरलाय." खरं कारण वेगळं आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. नेम मोडलाय, आणि मोडल्यावर पादुकांसमोर यायची लाज वाटते.

हे आम्ही एवढ्या खात्रीनं लिहितो आहोत, कारण गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. ती आज सांगायची आहे.

आपल्या निपाणीच्या एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही, पण लिहायला परवानगी त्यांनीच दिली. "लिवा की, माझ्यासारख्या आनि लई हाईत," म्हणाल्या. तरुणपणापासून तंबाखूच्या वखारीत काम. चाळायचं, कुटायचं, नाकातोंडात धुरळा. दिवसातून तीन-चार वेळा मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, पूड करायची आणि दातांना, हिरड्यांना घासायची. आपल्या घरांत आजीपासून चालत आलेली गोष्ट. अकरा वर्षांपासून शुगर. गेल्या गुरुपौर्णिमेला त्यांनी पादुकांवर हात ठेवून मिसरी सोडली. एकोणीस दिवस पाळलं. विसाव्या दिवशी लेकीच्या घरून वाईट बातमी आली, रात्रभर झोप नाही, आणि पहाटे हात डबीकडे गेला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी ते आपणहून सांगितलं. आणि आमच्यातल्या दोघा-तिघांनी काय म्हणावं? "मावशी, गुरूंसमोर शब्द दिलासा आणि असं?" हसत म्हटलं, पण म्हटलं. त्या दिवसापासून मावशी यायच्या बंद झाल्या. मिसरी पहिल्यापेक्षा वाढली. डॉक्टरांकडे जाणंही थांबलं, कारण तिथंही शुगर बघून ओरडणार. मग पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली. पंधरा दिवस त्यांनी ती घरातही कुणाला दाखवली नाही. जखम दाखवली की शुगर निघणार, शुगर निघाली की मिसरी निघणार, मिसरी निघाली की मोडलेला नेम निघणार. वास यायला लागला तेव्हा सुनेनं ओळखलं. बोट काढावं लागलं.

शुगर आणि तंबाखू दोन्ही मिळून पायाचा रक्तपुरवठा बिघडवतात, हे डॉक्टर सांगतातच. पण ते पंधरा दिवस शुगरनं नाही घालवले. ते आमच्या बोलण्यानं घालवले. त्या बोटाचा हिशेब आमच्याकडेही आहे.

त्यानंतर गुरुमाउलींनी आम्हाला गीतेचा सहावा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. आम्हाला वाटलं, मन वाऱ्यासारखं चंचल आहे आणि अभ्यास-वैराग्यानं ते आवरतं, तो भाग असेल. माउली म्हणाले, "तिथं थांबू नका, पुढं वाचा." पुढं अर्जुन एक प्रश्न विचारतो, जो आपण प्रवचनात सहसा पटकन उरकतो. श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला, मन वाटेतून घसरलं, त्या माणसाचं काय? तो फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नाश पावतो का? भगवंत त्याला अगदी मायेनं, 'बाळा' म्हणावं तसं संबोधून सांगतात की चांगलं करणाऱ्याची कधीच दुर्गती होत नाही. केलेला अभ्यास वाया जात नाही, तो जिथं सुटला तिथूनच पुन्हा हाती लागतो. योग मोडलेल्या माणसासाठी देवानं अध्यायाचा शेवट राखून ठेवला. आणि आम्ही एकोणीस दिवस पाळणाऱ्या बाईला विसाव्या दिवसावरून तोललं.

सवयी आणि आजार यांचा अभ्यास करणारं एक शास्त्र आता वाढलं आहे, आरोग्य मानसशास्त्र म्हणतात. आमच्यातल्या एका गुरुभगिनीची मुलगी ते शिकते. तिच्याशी बोलताना कळलं की अमेरिकेतल्या अॅलन मार्लेट या मानसशास्त्रज्ञानं दारू आणि सिगारेट सोडणाऱ्यांचा कितीतरी वर्षं अभ्यास केला, तेव्हा हीच गोष्ट त्यांना दिसली. पहिला घोट किंवा पहिला झुरका ही एक घसरण असते. त्यानंतर माणूस स्वतःला काय सांगतो, यावर पुढचं ठरतं. "आज चुकलं" असं म्हणणारा सावरतो. "मी असलाच, माझ्यानं होणारच नाही" असं म्हणणारा पुन्हा पूर्ण बुडतो. आता घरातलीच माणसं त्याला "तू असलाच" म्हणायला लागली, तर त्यानं कुठून सावरायचं?

(इथं एक विनंती. "हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं, परदेशी लोक आता शोधायलेत" असा मेसेज करून फिरवू नका. ग्रंथात होतं, तरी आम्हीच ते पाळलं नाही.)

मग आम्ही काय केलं ते सांगतो. मावशींच्या घरी गेलो, माफी मागितली. उपदेश करायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली दारू पिणाऱ्यांशी कसं बोलावं याविषयी लिहिलं होतं: आपण जितकं "सोडा, सोडा" म्हणतो, तितका समोरचा न सोडण्याची कारणं देत बसतो. म्हणून सोडायचं कारण त्याच्याच तोंडून येऊ द्यावं. हे निपाणीत तर जास्तच लागू आहे. ज्या गावाची ओळख तंबाखू, ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली इथले शेतकरी शरद जोशींबरोबर महामार्गावर बसले आणि गोळीबारात माणसं गेली, ज्या तंबाखूवर पोरांच्या फिया भरल्या, तिथं "तंबाखू वाईट असते" हे वाक्य ऐकून कोण हलणार? मावशींना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आम्ही फक्त विचारलं, "मिसरी कधी लागतेच?" मावशी म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या. त्याबिगर पोट साफ होत न्हाई बघा." दुपारची? "ती वखारीतली सवय. भूक मरायची." रात्रीची? थोडा वेळ गप्प राहिल्या. "रात्रीची नुसती सोबत वो."

एकच डबी, पण तीन वेळच्या तीन गरजा. आम्ही मात्र एका शपथेत सगळं आटोपायला निघालो होतो.

मावशींनीच ठरवलं की आधी रात्रीची सोडायची, कारण ती सोपी. कशी? "सांजवात लावून झाली की डबी शेजारच्या अक्काकडं ठेवायची आणि माळ घेऊन बसायचं." आमच्या गुरुभगिनीची मुलगी म्हणाली, याला शास्त्रातही जागा आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की "मी कमी करेन" अशा नुसत्या संकल्पापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करेन" असा जोडून केलेला संकल्प जास्त टिकतो. आणि आपल्या घरात जोडायला किती खुंट्या आहेत बघा. सांजवात, तुळशीला पाणी, आरती, जपमाळ, हे सगळं वर्षानुवर्षं न चुकता होतं. त्यालाच नवी सवय बांधायची. तुळशीला पाणी घातलं की बीपीची गोळी. रात्रीची आरती झाली की ताट धुवायच्या आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. जेवणानंतर थोडं चाललं तरी साखर कमी चढते. बेळगावच्या एका गुरुबंधूंनी गोळ्यांचा डबा देव्हाऱ्याशेजारीच ठेवला आहे, घंटेच्या बाजूला. घंटा हातात घेतली की डबा दिसतोच. (नातवंडांच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा.)

दुसरा प्रश्न नेहमी येतो, "किती दिवस?" लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरलेल्या वेळी एक छोटी गोष्ट करायला सांगितली होती, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, असं काहीतरी. २०१० साली त्यांनी जे छापलं त्यानुसार ती गोष्ट आपसूक व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाला हिशेबानं २५४. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपला चातुर्मास चार महिन्यांचा. आषाढीला धरलेला नेम श्रावणात मोडला असेल तर कार्तिकीपर्यंत अजून दोन महिन्यांहून जास्त हातात आहेत. आज धरला तरी पुरतात. ज्यांना पुरणार नाहीत त्यांनी कार्तिकीला उद्यापन करू नये, चालू ठेवावं.

गोळ्यांबद्दलही लाज बाळगू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली लिहिलं आहे की श्रीमंत देशांतसुद्धा लांबच्या आजारांचे निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. चुकते ते सगळ्यांची चुकते. डॉक्टरांना "घेतो हो" असं खोटं सांगितलं की ते डोस वाढवतात, आणि मग खरोखर घेतली की त्रास होतो. "आठवड्यात तीन दिवस चुकली" असं सरळ सांगा. आणि माळ घातली, अंगारा लावला, शुगर नॉर्मल आली म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करणं माउलींना मान्य नाही, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. नॉर्मल आली ती बहुतेक वेळा गोळीमुळेच.

आता प्रसाद. गौरी-गणपती तोंडावर आलेत, मोदक येणार, बेळगावचा कुंदा येणार. आपल्याकडे वाटीभर शिरा हातात देऊन "नाही म्हणू नये, प्रसाद आहे" असं म्हणायची पद्धत आम्हीच पाडली. प्रसाद कणभर असतो. वाटीभर असतो ते जेवण. यापुढे आरतीनंतर शिरा चमचाभर मिळेल, आणि ज्यांना नको त्यांना फुटाणे. कुणी का घेतले नाही, हे कुणी विचारायचं नाही. आणि "गूळ चालतो की, आपल्या इथलाच हाय" हे आमच्याच घरात ऐकलेलं वाक्य आहे. गुळानंही साखर चढते, मधानंही.

एकादशी करणाऱ्या शुगरच्या लोकांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं. काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं की लगेच साखर-पाणी घ्यायचं. उपवास मोडला असं तेव्हा कुणी म्हणायचं नाही. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. आणि नुसता साबुदाणा-बटाटा खाल्ला तर साखर उलट वर जाते. त्याच सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला एकाच पंक्तीत बसवलं आहे.

घरच्या माणसांसाठी थोडं. हा मेसेज तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जाईल तेव्हा त्याखाली "बाबा, वाचा जरा" असं लिहू नका. तेच तर आम्ही मावशींना केलं होतं. "पुन्हा खाल्लं?" याऐवजी "आज कधी जड गेलं?" असं विचारून बघा. पुण्या-मुंबईहून फोन करणाऱ्या मुलांनी पहिलाच प्रश्न "शुगर किती आली?" हा ठेवू नये, जेवलात का, झोप लागली का, हे आधी विचारावं. आकडा नंतर आपोआप सांगितला जातो.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथं घसरून परत आलेल्याला पुन्हा आत घेतात, आणि व्यसन सुटल्याला वर्ष झालं की त्याचा वाढदिवस करतात. आपल्या मंडळात वाढदिवस करायचे की नाही ते बघू. पण परत आलेल्याला दार उघडं ठेवणं एवढं तर आपल्याला जमलं पाहिजे. तंबाखू सोडताना कुणाशी बोलावंसं वाटलं तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

मावशींची मिसरी पूर्ण सुटलेली नाही, हे आम्ही लपवत नाही. रात्रीची सुटली, दुपारची सुटली. सकाळची कधी असते, कधी नसते. आता कोमट पाणी पिऊन आधी अंगणात फेऱ्या घालतात आणि डबी "बघू, नंतर" म्हणून पुढं ढकलतात. रोज रात्री पाय आरशात बघतात आणि सुनेला दाखवतात. डॉक्टरांकडे दर महिन्याला जातात.

नेमाची वही बदलली आहे. "धरला" या रकान्याशेजारी "मोडला, पुन्हा धरला" असा एक रकाना आखला आहे. त्यात पहिलं नाव मावशींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, दुसरं आमच्यापैकी एकाचं आहे, चहातल्या साखरेचं. येत्या गुरुवारी आरती संध्याकाळी सात वाजता. दिवा मावशी लावणार आहेत. ज्यांना मांडी घालून बसता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडेला खुर्च्या मांडल्या आहेत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥