फोन कोणाचा होता?

उन्हाळा आला की मंत्रालयात बदल्यांचा हंगाम सुरू होतो. कोणाला पुणे हवे असते, कोणाला गडचिरोली टाळायची असते. हा हंगाम कायद्यानेच ठरवून दिला आहे. महाराष्ट्राचा २००५ चा कायदा सांगतो की बदल्या एरवी वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात आणि अधिकाऱ्याला एका पदावर साधारणपणे ३ वर्षे राहू द्यावे.

याच कायद्यात दप्तर दिरंगाईचाही समाचार घेतला आहे. एका टेबलावर फाइल सहसा कामकाजाच्या ७ दिवसांहून अधिक पडून राहू नये. मुद्दाम रखडवली तर शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे अधिकाऱ्याला अभयही द्यायचे आणि त्याच्याकडून हिशेबही घ्यायचा. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावाच.

घोडे पेंड खाते ते कलम ४(५) पाशी. मुदतीआधी बदली करता येते, पण अपवाद म्हणून, कारणे लेखी नोंदवून आणि वरिष्ठांच्या पूर्वमान्यतेने. आदेशात मात्र अनेकदा दोनच शब्द असतात : 'प्रशासकीय कारणास्तव'. फाइल उघडली तर कारणाऐवजी एखाद्या आमदाराचे शिफारसपत्र सापडते. कर्मचारी 'मॅट'मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, धाव घेतो, कधी आदेश रद्दही होतो. ज्याच्या पत्रावर किंवा फोनवर हे सारे घडले, त्याला कोणीच काही विचारत नाही.

सगळे खापर पुढाऱ्यांवर फोडण्यात अर्थ नाही. राजकीय वजन वापरू नये, असे सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. तरी मोक्याच्या जागेसाठी पत्रे गोळा करत फिरणारे अधिकारीच असतात. ज्याच्या पत्रावर खुर्ची मिळाली, त्याला उद्या 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार?

मंत्र्याने आदेश देऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. तो निवडून आलेला आहे, धोरण त्यानेच ठरवायचे. पण जे सांगायचे ते त्याने सहीनिशी सांगावे. तोंडी सूचनांची लेखी नोंद हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यम खटल्यात २०१३ मध्येच बजावले आहे.

मुदतपूर्व बदलीचा प्रत्येक आदेश कारणासह आणि शिफारस करणाऱ्याच्या नावासह विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. सरकार हे आपण होऊन करणार नाही. तेव्हा तुमच्या तालुक्याचा तहसीलदार वर्षभरात हलवला गेला, तर माहिती अधिकारात अर्ज करून कारण विचारा.