दुर्मिळ म्हणून मोलाचे?

एखादी वस्तू थोडी उरली म्हणजे तिचा भाव वाढतो, हा बाजाराचा नियम आहे. देवाने निर्माण केलेल्या प्राण्यालाही तोच नियम लावावा काय? मध्य प्रदेशातील कान्हाच्या अरण्यात सफारीला जाणाऱ्याने तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

इंदूर, जबलपूर, नागपूर येथून पुष्कळ कुटुंबे तेथे जातात. पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत बसतात आणि सर्वांच्या तोंडी एकच शब्द असतो, वाघ. वाटेत माळावर बाराशिंगे चरत असतात. वाटाड्या बोट दाखवितो, तोच मागून कोणी म्हणतो, "हरणेच आहेत, पुढे चला." वास्तविक वाघ भारतात अनेक रानांत आहे, कठीण जमिनीवर राहणारा हा बाराशिंगा मात्र कित्येक वर्षे साऱ्या जगात केवळ कान्हात उरला होता. त्याचे तराईतील व आसामातील भाऊबंद दलदलीत वावरतात, म्हणून त्यांचे खूर पसरट. याचे घट्ट व टणक. १९७० च्या गणतीत अवघे ६६ भरले. शिकार, गवताला लागणारे वणवे आणि गुरांची चराई यांनी त्याला या थराला आणले होते. पाडसाला लपावयास उंच गवत लागते, तेच राहिले नव्हते. पुढे वनखात्याने कुंपणात त्यांची पैदास केली, गवत राखले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे, आणि २०१५ पासून काही सातपुड्याच्या रानातही नेऊन सोडले आहेत.

येथे एक गोष्ट मनाला बोचते. ज्या माळांवर तो चरतो त्यांपैकी काही बैगा व गोंड लोकांच्या गावांच्या जागा आहेत. सोंफचा माळ हे नावच एका उठविलेल्या गावाचे. गाव गेले, शेते पडीक झाली, गवत माजले, मग बाराशिंगा आला. प्राणी वाचविला हे योग्यच झाले असे माझे मत आहे. तथापि आपण जीपमधून जे पाहतो त्याची किंमत तिकिटाच्या खिडकीवर पुरी फिटत नाही. तिचा मोठा भाग दुसऱ्याच कोणी, घरदार सोडून, भरला आहे. (तिकीट महाग झाले म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

आता मोलाविषयी. शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक आहे की प्रभूने दाखला दिला तो चिमणीचा. बाजारात जिला सर्वांत कमी पैसे पडत तिचा. हरवलेल्या मेंढराच्या शोधात मेंढपाळ निघाला तेव्हाही मेंढरांचा दुष्काळ पडला नव्हता. तशीच नव्याण्णव मागे होती. मग ६६ चे हजार झाले म्हणून प्रत्येक बाराशिंग्याचे मोल घटले, असे कसे म्हणावे? दुर्मिळतेने मोल वाढत नाही. फार तर आपले डोळे उघडतात.

आणि आपण पाहिले म्हणून तरी ते वाढते काय? देव ईयोबाला रानबकऱ्यांच्या विण्याविषयी विचारतो, तेव्हा पाहावयास तेथे मनुष्य नसतोच. कान्हाची फाटके पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांना बंद असतात. बाराशिंग्याची बहुतेक पाडसे याच सुमारास, उंच ओल्या गवतात जन्मतात.